पायाशी पडलेला दाणा

बदनापूरपासून तीन कोसांवरच्या एका वाडीत रखमाजी नावाचा कुणबी होऊन गेला. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी, ते जायच्या चार-पाच महिने आधी, उन्हाळ्यात तो वारला. पाटील नव्हता, पटवारी नव्हता, लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी त्या वाडीत त्याच्या होकाराशिवाय खळ्यात कुणी पाटी उचलत नसे, कारण रखमाजीला वारा कळायचा. सरकार हैदराबादेत, कचेरी जालन्यात आणि वाऱ्याचा कारभार रखमाजीकडे, असं लोक चेष्टेनं म्हणत. ही चेष्टा आहे हे फक्त रखमाजीला माहीत नव्हतं.

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला, बैलांची पात फिरून कणसं मळून झाली की उपणणीला रखमाजीच लागायचा, मग खळं कुणाचंही असो. खळ्यात तीन पायांची उंच तिवई मांडायची. तिच्यावर तो चढायचा, पागोट्याच्या शेवाचं एखादं सूत तोडून हवेत सोडायचा आणि ते कुठं जातं ते डोळे बारीक करून बघायचा. वारा मंद असला तर पाटी डोक्याच्याही वर धरायची, म्हणजे माल खाली यायला वेळ लागतो आणि वाऱ्याला काम करायला फुरसत मिळते. जोराचा असला तर छातीशी. आणि हात असा हलवायचा की दाणा सुटासुटा पडावा. घाईनं भसकन ओतलं तर दाण्याच्या आडोशानं भूसही खाली येतं. सुटं पडलं की मात्र वारा एकेकाला वेगळं गाठतो. भूस पार खळ्याच्या कडेला जातं, पोचट दाणा चार हातांवर पडतो, बेताचा दोन हातांवर आणि भरलेला टपोरा दाणा सरळ तिवईच्या पायाशी येतो. दिवसभर उभं राहून रखमाजीच्या पोटऱ्या भरून यायच्या, पण संध्याकाळी खाली उतरताना त्याचा रुबाब असा, की जणू तो घोड्यावरून उतरतोय.

पायाशी पडलेला दाणा म्हणजे पुढच्या सालचं बी. रखमाजीच्या घराचा नेम असा होता की ते बी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरायचं, तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं आणि थेट पेरणीलाच उघडायचं. मधे त्याला ऊन दाखवायचं नाही, कुणाची नजर पडू द्यायची नाही. वाडीतली पाच-सहा घरं रखमाजीच्या कणगीतलंच बी न्यायची. तेवढ्याच मापाचा दुसरा शाळू बदल्यात आणून टाकायची. दुसरा नेम राशीचा. उपणणी चालू असेपर्यंत राशीजवळ कुणी बोलायचं नाही. पाणी हवं असलं तर खूण करायची. बोललं की रास उतरते, बरकत जाते, असं समजत. बायका खळ्यात भाकरी घेऊन यायच्या त्यासुद्धा पाय न वाजवता.

रखमाजीची बायको लवकर गेली होती. घरात तो, त्याचा एकुलता एक मुलगा रामराव आणि सून चतुराबाई. चतुराबाई भोकरदनकडची. अंगानं किरकोळ, बोलायला मोजकी, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा शेवट लावल्याशिवाय सोडायची नाही. रखमाजीला ती आवडायची. त्याच्या पाठीत उसण भरली की तीच मीठ शेकून द्यायची. शेजारच्या गावात सुना कशा वागतात हे ऐकून आला की तो रामरावला म्हणायचा, "आपलं नशीब बरं हाय."

एकदा वारा पडला म्हणून दुपारी सगळे खळ्यात बसले होते. तेव्हा शेजारच्या गावातल्या मदरशातले, म्हणजे सरकारी शाळेतले, बद्रीनाथ मास्तर तिथं आले. मास्तर मुलांना उर्दू शिकवत आणि उरलेल्या वेळात मोठ्या माणसांना नको तेवढं शहाणं करत. त्यांनी कमरेचा हाली पैसा, निजामाचं नाणं, काढला, कागदाचा तेवढाच तुकडा फाडला आणि दोन्ही एकदम सोडले. पैसा टणकन पडला, कागद हेलकावे खात आला.

"पैसा जड, म्हणून आधी पडला, असंच ना?" मास्तरांनी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग त्यांनी तोच कागद पैशावर ठेवला आणि सोडला. दोन्ही एकदमच खाली आले. कडूबा म्हणून वाडीतला जाणता माणूस होता, त्यानं पुन्हा एकदा करायला लावलं.

"त्यात काय," रखमाजी म्हणाला. "पैशाच्या आडोशानं आला कागद. दान्याच्या आडोशानं भूस येतं तसा."

"बिलकुल बराबर," मास्तर म्हणाले. "वारा पडलेला असला तरी हवा असतेच, आणि खाली पडणाऱ्या प्रत्येक वस्तूला ती अडवते. अंग तेवढंच असून वजन जास्त असेल, तर ती वस्तू हवेला रेटून खाली येते. हलकी असेल तर अडकते. हवाच नसती ना रखमाजी, तर तुमचा दाणा आणि भूस एकाच वेळी जमिनीला टेकले असते."

"मंग तिथले लोक भुसाच्या भाकरी खात असतील," रखमाजी म्हणाला आणि सगळं खळं हसलं. मास्तरही हसले. चतुराबाई भाकरीची टोपली घेऊन कडेला उभी होती. ती हसली नाही. परत जाताना तिनं एक भरलेला दाणा आणि एक पोचट दाणा डोक्याएवढ्या उंचीवरून सोडून पाहिला, आणि पुन्हा सोडून पाहिला. रामरावनं ते पाहिलं आणि त्याला गंमत वाटली.

पुढं छत्तीस सालच्या फाल्गुनात कणसं खळ्यात येऊन पडली आणि अवकाळी पाऊस आला. दोन रात्री झोडपून काढलं. ऊन पडल्यावर लोकांनी कणसं वरखाली केली, चार दिवस वाळवली. वरची वाळली, पण ढिगाच्या बुडाशी जी होती ती वरून कोरडी दिसली तरी पोटात ओलीच राहिली. ढग पुन्हा जमत होते, म्हणून सगळ्यांनाच जल्दी होती. पात फिरली आणि रखमाजी तिवईवर चढला.

वारा त्या दिवशी छान होता. भूस उडत होतं, रास वाढत होती, खळ्यात आवाज फक्त दाणा पडण्याचा. चतुराबाई राशीच्या कडेनं झाडत होती. झाडता झाडता तिनं तिवईच्या पायाजवळचा एक दाणा उचलून दाताखाली धरला. मग दुसरा. वाळलेला शाळू दाताखाली कट्ट वाजतो. हे दाणे वाजले नाहीत, चेपले. तिनं लांबचे, दोन हातांवरचे दाणे चावून पाहिले, ते वाजले. पुढं जे केलं ते करताना ती घाबरलेली होती, हे सगळ्यांना दिसलं. तिनं पदर सावरला आणि भर राशीजवळ तोंड उघडलं.

"मामा, पायाजवळचं बी ठिवू नका. ह्यो दाना ओला हाय. पान्यानं जड झालाय, म्हून पायाशी पडून राह्यलाय."

रखमाजीचे हात थांबले. पाटी धरणारे थांबले. कडूबानं कपाळाला हात लावला.

"रास चालू असताना बोलायचं न्हाई, हे तुला म्हाईत न्हाई का?" रखमाजी वरून कडाडला. एका वाक्यासाठी त्यानं तिला दहा वाक्यं सुनावली, आणि तीही राशीजवळच, पण ती मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही.

"दोन दिस उन्हात घाला, येवढंच म्हन्ते," चतुराबाई खाली बघत म्हणाली. "वाऱ्याला जड-हलकं कळतं. ते कशानं जड झालं, हे त्याला कसं कळंल?"

"चाळीस वर्सं झाली, वाऱ्यानं मला कवा फसवलं न्हाई. घरी जाय."

ती गेली. पायाशी पडलेलं बी त्याच संध्याकाळी कणगीत गेलं. राख घातली, पाला घातला, तोंड लिंपलं. लिंपताना रखमाजीनं नेहमीपेक्षा जाड थर दिला. राग होता, दुसरं काही नाही.

सगळा उन्हाळा कणगी घराच्या कोपऱ्यात उभी होती. ओलं बी आत कोंडलेलं, वर वैशाखात तापलेलं माळवदाचं छत. हस्ताचा पाऊस होऊन रानाला पेरणीजोगा वाफसा आला तेव्हा रखमाजीनं कणगीचं तोंड फोडलं. आतून एक कुबट, गरम वास आला. माणसाला काही गोष्टी नाकानं आधी कळतात. रखमाजीलाही त्या क्षणी कळलं. त्यानं मूठभर दाणे काढले, हातावर घोळवले, आणि दाताखाली मात्र एकही घातला नाही. धाडस झालं नाही. बाहेर पाच घरची माणसं पाट्या घेऊन उभी होती. "पाल्याचा वास हाय," तो त्यांना म्हणाला आणि बी मोजून दिलं. आपल्या रानातही तेच पेरलं. निम्मं तरी उगवेल, अशी त्याला आशा होती.

निम्मंही उगवलं नाही. आठ-दहा दिवसांनी रानात इथं एक, तिथं एक कोंब, बाकी नुसतं तण. लोकांनी बदनापूरच्या बाजारातून मिळेल ते बी आणून पुन्हा पेरलं, पण वाफसा गेला होता. त्या साली ह्या सगळ्या घरांत शाळू अर्धा आला. उपासमार झाली नाही, पण वर्ष ओढाताणीचं गेलं, आणि ओढाताणीत लोकांना कुणीतरी धरायला लागतं.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. कडूबानंच सुरुवात केली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला जे ठाऊक होतं त्यावरून तो बोलला.

"राशीजवळ बाई बोलली. बियाला वंगाळ म्हनली. मंग बी जित्तं कसं ऱ्हाईल?"

दोघा-तिघांनी री ओढली. मग सगळे रखमाजीकडे बघायला लागले, कारण वारा त्याचा, बी त्याचं, सून त्याची. रामरावही बघत होता. पाराच्या मागं भिंतीशी चतुराबाई घागर घेऊन उभी होती, हे रखमाजीला दिसत होतं. 'बी ओलं होतं, ती खरं सांगत होती, मी ऐकलं नाही.' बोलायचं एवढंच होतं. त्याची जीभ तिथपर्यंत आलीसुद्धा. पण ते बोललं की चाळीस वर्षांचा वारा गेला, पुन्हा तिवईवर कोण चढू देणार, ही भीती त्याच्या छातीवर बसली. त्यानं पागोटं सारखं केलं. उगाच खाकरला.

"काय सांगावं," तो म्हणाला.

एवढं पुरलं. लोकांनी त्याचा अर्थ हवा तो घेतला. दुसऱ्या आठवड्यात रामराव बायकोला माहेरी पोहोचवून आला. सणापुरती, असं ठरलं होतं. सण झाला, संक्रांत झाली, आणायला कुणी गेलं नाही. एकदा तिचा भाऊ येऊन ओसरीवर बसला आणि त्यानं सरळ विचारलं, "तिचं चुकलं काय, तेवढं सांगा." रखमाजीनं त्याला पाऊसपाणी विचारलं, चहा पाजला. भाऊ उठून गेला. दोन वर्षांनी रामरावचं दुसरं लग्न झालं. नंदाबाई घरात आली, तिला मुलं झाली, घर भरलं.

आता ज्या गोष्टीची मला चीड येते ती सांगतो. त्या सालापासून रखमाजी पायाशी पडलेला दाणा दाताखाली घालून बघायला लागला. कणगीत भरायच्या आधी बी दोन दिवस उन्हात पसरायला लागला. घराचा जुना नेम त्यानं मोडला आणि कुणाला कारण सांगितलं नाही. पुढं एकदाही बी वाया गेलं नाही. रखमाजीचं बी पोलादासारखं, असं लोक म्हणायला लागले. बाहेरच्या गावची माणसंसुद्धा मागायला येऊ लागली. तो मान डोलवायचा आणि बी द्यायचा. तिवईवर मात्र त्याचं चित्त लागत नसे. दाणा पायाशी पडला की त्याला तिची आठवण यायची, आणि दाणा तर दिवसभर पडत राहायचा.

आठ वर्षं अशी गेली. त्याचा खांदा निखळल्यासारखा झाला, पाटी वर जाईना. तिवईवर रामराव चढायला लागला. मग रखमाजीला गमावण्यासारखं काही उरलं नाही, आणि मग त्याला धीर आला. असला धीर कुणालाही येतो. चव्वेचाळीसच्या फाल्गुनात एका बैलगाडीतून तो भोकरदनच्या बाजाराला गेला आणि तिथून दोन कोस चालत चतुराबाईच्या गावी.

ती भावाच्या खळ्यात तिवईवर उभी होती. कासोटा घातलेला, पदर कमरेला, पाटी डोक्याच्या वर, कारण वारा मंद होता. दाणा सुटासुटा पडत होता. रखमाजी बांधाशी उभा राहिला. रास चालू होती म्हणून तो बोलला नाही. तास-दीड तास तो उभा होता, आणि इतकी स्वच्छ उपणणी आपल्याला कधी जमली होती का, हे त्याला आठवेना.

ती उतरली, पदर डोक्यावर घेतला, वाकून पाया पडली. पाणी आणून दिलं. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"बी उन्हात घालता का, मामा?" तिनं विचारलं.

"घालतो. तवापासून दर साली."

"मंग पटलं म्हनायचं तुमाला."

"पटलं व्हतं. तेच सांगायला आलो. चूक माझी व्हती, पोरी. कनगी उघडली, वास आला, तवाच मला कळल्तं."

रखमाजीला वाटलं, ती रडेल, किंवा चिडेल. त्यानं दोन्हींची तयारी केली होती.

"म्हंजी पारावर लोक बोलत व्हते, तवा तुमाला ठाऊक व्हतं," ती म्हणाली.

"व्हतं."

"मला वाटायचं, तुमाला ठाऊक न्हाई. म्या मनाशी म्हनायची, म्हाताऱ्याला कळलंच न्हाई बिचाऱ्याला, कळलं असतं तर बोलल्याबिगर ऱ्हायला नसता. आठ वर्सं म्या तेवढ्यावर काढली." तिनं रिकामा तांब्या त्याच्या हातातून घेतला. "हे मला सांगून आता काय व्हायचं, मामा? मला तर दाना चावला तवाच ठाऊक व्हतं. ज्यांना ठाऊक न्हाई त्यांना सांगायचं व्हतं."

तिनं त्याला भाकरी वाढली, वाटेसाठी बांधूनही दिली. भावाला सांगून भोकरदनपर्यंत गाडी जोडून दिली. रखमाजीला तिनं एक शब्द उणा बोलून दाखवला असता तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर तो म्हातारा गाडीत तोंडावर उपरणं घेऊन पडून राहिला. गाडीवाल्याला वाटलं, झोप लागली.

चार दिवसांनी वाडीत कडूबाच्या खळ्यात उपणणी होती. रखमाजी काठी टेकत गेला. रास संपेपर्यंत थांबला. माणसं घाम पुसत सावलीत बसली, रामराव तिवईवरून उतरून हातपाय धूत होता. नंदाबाई पाण्याची घागर घेऊन आली होती. रखमाजी उभा राहिला आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"ते बी गेल्तं ना आपलं, छत्तीस साली, त्यात चतुराचा दोष नव्हता. बी ओलं व्हतं. तिनं सांगितल्तं, म्या ऐकलं न्हाई. मला समदं ठाऊक असून म्या पारावर गप बसलो. चूक माझी व्हती."

रामराव हात धुवायचा थांबला, पण वर पाहिलं नाही. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. त्यातले निम्मे तेव्हा लहान होते, काही तर लग्न होऊन नंतर वाडीत आलेल्या बायका होत्या. म्हातारा मधेच हे काय काढून बसला, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. कडूबानं भाकरीचा घास हातात तसाच धरला, डोळे बारीक केले आणि आठवून बघितलं.

"कोन चतुरा?" त्यानं विचारलं.

घागर खाली ठेवत नंदाबाई म्हणाली, "माझ्या आधीची."

"हां, हां, ती," कडूबाला एकदम आठवलं. त्यानं घास तोंडात घातला आणि मान हलवली. "राशीजवळ बोलल्ती ती."